काजवे दिवसा कुठे जातात?

डोंबिवलीहून एक पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालीये, त्यामुळे मजकूर तेवढा थोडक्यात सांगते. वय 37, बँकेत नोकरी, मुलगी सहा वर्षांची. मागच्या जूनमध्ये हे तिघं भंडारदऱ्याला काजवे बघायला गेले. लेक गाडीतून उतरली ती आ वासून उभीच राहिली, आणि हिने फोन काढला. व्हिडिओत नुसता काळोख, मग फ्लॅश लावून बघितला, मागून कुणीतरी ओरडलं फ्लॅश बंद करा हो, तेवढ्यात पार्किंगमधून आपली गाडी निघणार कशी ते डोक्यात आलं आणि संपलंच. "ताई, मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. लहानपणी संगमेश्वरजवळ आजोळी मी काजवे बाटलीत भरून उशाशी घेऊन झोपायचे, तीच मी का ही? नवरा म्हणतो वय झालं तुझं. माझ्या आतलं काहीतरी सुकलंय का? ते परत येतं का? आणि माझ्या मुलीचं असं होऊ नये म्हणून काय करू?" आणि खाली, जाता जाता, एवढंच: "परत येताना तिने विचारलं, आई, काजवे दिवसा कुठे जातात? मी म्हटलं झोपतात, झोप आता तू पण."

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी अडकले. बाकी सगळ्यावरून तू स्वतःला बोल लावून घेतलेस, फोन काढला म्हणून, पार्किंगचा विचार केला म्हणून, आणि या एका ओळीवरून मात्र सहज पुढे निघून गेलीस. माझ्या मते गोम तिथेच आहे. पण त्याच्याकडे येते, आधी एकदोन गोष्टी उरकून घेऊ.

काही न वाटणं हे फक्त काजव्यांपुरतंच आहे ना? म्हणजे जेवणाची चव, झोप, माणसांत मिसळणं हे सगळंच बेचव झालं असेल आणि दोन आठवड्यांच्या वर तसंच चाललं असेल तर ते माझ्या सदराचं काम नाही, सरळ डॉक्टरकडे जा, नाहीतर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, 14416, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तू लिहिलंयस की ऑफिसात डबा खाताना अजून हसून हसून पोट दुखतं, त्यामुळे मला तसं वाटत नाहीये, पण विचारलेलं बरं. आणि नवऱ्याला सांग, 37 हे काय वय झालं असं म्हणायचं वय आहे का, मी 61 ची आहे आणि मला कुणी असं म्हटलं तर मी चहा बंद करीन त्याचा.

आता भंडारदरा. तू जायच्या आधी इन्स्टावर फोटो बघितले असणार, अख्खं झाड पिवळ्या ठिपक्यांनी लगडलेलं, खाली गवतातसुद्धा हजारो दिवे. ते फोटो खोटे नसतात पण डोळ्याला तसं कधीच दिसत नाही. कॅमेरा स्टँडवर लावून शटर खूप वेळ उघडं ठेवतात, असे पन्नास-शंभर फोटो काढतात आणि मग कॉम्प्युटरवर एकावर एक चढवतात. म्हणजे तासाभराचं चमकणं एका फोटोत. ते डोक्यात ठेवून तू तिथे गेलीस, खरं झाड बघितलं, आणि मनातल्या मनात त्याला कमी मार्क दिलेस. लेकीने तो फोटो बघितलेलाच नव्हता (की दाखवला होतास? नसशील अशी आशा करते). ती फक्त झाड बघत होती.

आणि तुझं आजोळ. तू आठवतेयस ती एक रात्र. पण तिथे तू अख्खी मे महिन्याची सुट्टी होतीस, रोज संध्याकाळी लाइट जायचे, टीव्ही बंद, करायला काही नाही, मोठ्यांच्या गप्पा कंटाळवाण्या, अंगणात डास. असा महिनाभर कंटाळा साचला आणि पाऊस यायच्या तोंडावर एका रात्री काजवे आले. इथे तू शुक्रवारी रात्री ऑफिसातून निघालीस, कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलीस, आणि साडेनऊ वाजता गाडीचं दार उघडल्या उघडल्या मनाला सांगितलंस हं, आता भारावून जा. अर्धा तास आहे आपल्याकडे. असं सांगून कुणी भारावतं का?

शिवाय एक विचारू, राग मानू नकोस. त्या बाटलीतल्या काजव्यांचं सकाळी काय झालेलं असायचं, ते आठवतंय का तुला? मला आठवतंय माझ्या बाटलीतलं, पाच-सहा तपकिरी किडे, पाय वर. आपण तेवढा भाग कापून टाकतो. लहानपण म्हणजे चोवीस तास नवल असं काही नव्हतं गं, भीती होती, मार होता, आणि कंटाळा तर ढिगाने होता.

तर सुकलंय का. मला असं वाटतं की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच बरणीत ठेवतो. एक अप्रूप आणि एक कुतूहल. अप्रूप हा शब्दच मुळात अपूर्व वरून आलाय, म्हणजे आधी कधी न झालेलं. मग पहिल्यांदा बघताना ते असणार आणि चाळिसाव्यांदा बघताना नसणार, यात तुझा काय दोष? पहिला समुद्र, पहिली गारांची वृष्टी, पहिल्यांदा लिफ्टमध्ये पोटात आलेला गोळा, ते एकदाच. ते परत येतं का, या तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की अप्रूप परत येत नाही, कितीही लांबची ट्रिप काढलीस तरी नाही. उलट ट्रिपा मोठ्या मोठ्या करत गेलं की पुढच्या वेळी अजून मोठं काहीतरी लागतं, यंदा भंडारदरा, पुढच्या वर्षी लडाख, त्याच्या पुढे नॉर्दर्न लाइट्स, आणि तिथेसुद्धा माणूस फोन वर करून उभं.

कुतूहलाचं मात्र तसं नाही. ते वाढतं, आणि ते मोठेपणी जास्त चांगलं वाढतं असं माझं मत आहे. सांगते कसं.

मी 46 ची असताना कमरेची चकती सरकली आणि तीन आठवडे सक्तीने आडवी. तेव्हा हातात स्मार्टफोन नव्हता, पुस्तक धरलं की हात दुखायचे, तर खिडकीकडे बघत पडायचे. खिडकीच्या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात एक कुंभारीण यायला लागली, ती गांधीलमाशीच्या जातीतली, दोऱ्याएवढी कंबर असते ती. तोंडाशी ओल्या मातीची गोळी, मोहरीपेक्षा जरा मोठी, ती आणून लावायची, पायांनी आणि जबड्याने चापून पातळ करायची आणि लावताना बारीक गुणगुणायची, म्हणजे पंखांचा आवाज तो, पण मी तिला गुणगुणणंच म्हणायचे. मग उडून जायची, चारपाच मिनिटांनी पुढची गोळी. पहिले दोन दिवस मला वाटलं चिखल करतेय, मुलाला म्हटलं झाडूने काढ. तो विसरला म्हणून बरं. तिसऱ्या दिवशी तिथे गोटीएवढं मडकं तयार, आणि त्याला वर चक्क बाहेर वळवलेली कड, आपल्या माठाला असते तशी! मग ती हिरव्या अळ्या आणायला लागली. स्वतःएवढी लांब अळी पोटाखाली धरून यायची आणि त्या बारीक तोंडातून आत ढकलायची, अळी मेलेली नाही, किंचित हलतेय. मला पोटात ढवळलं अगदी. अशा काही अळ्या भरून झाल्यावर तिने तोंड लिंपलं, आणि गेली. परत आली नाही.

पुढे बरी झाल्यावर मी शोधून वाचलं. ती अळ्यांना डंख मारून लुळं करते, मारत नाही, कारण मेली तर सडेल. अळ्या भरायच्या आधी आत एकच अंडं, तेही एका बारीक तंतूने मडक्याच्या छताला टांगलेलं. ते फुटलं की पिल्लाला समोर ताजं जेवण तयार, आणि आईला पिल्लू कधी दिसत नाही, पिल्लाला आई. हे वाचून मी मडक्यापाशी जाऊन उभी राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. चिखलच तो, तीन आठवडे समोर होता. पण आता त्याच्या आत अंधारात काय चाललं असेल ते मला माहीत होतं, आणि बरंचसं माहीत नव्हतं. मडक्याला कड कशी द्यायची हे तिला कुणी शिकवलं? ती तर जन्मली तेव्हा एकटी होती. सहा वर्षांच्या पोराला हा काटा येत नाही, त्याला अळी दिसते आणि ते ई करून पळतं. काही आठवड्यांनी मडक्याला बाजूने भोक पडलेलं दिसलं. बाहेर येतानाचं बघायचं राहून गेलं, मी नेमकी फिजिओकडे गेले होते.

आणि हे फक्त माझ्यासारख्या रिकामटेकडीचं नाही बरं का. सालिम अली तुला माहीत असतीलच, पक्षीतज्ज्ञ. त्यांची गोष्ट नेहमी लहानपणाची सांगतात, एअरगनने चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग, ही कुठली चिमणी म्हणून मुंबईच्या बीएनएचएसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, विचारायला गेले आणि तिथून सगळं सुरू झालं. छान आहे, पण मला त्यांची 1930 सालची गोष्ट जास्त आवडते. वय तेहेतीस-चौतीस, जर्मनीहून शिकून परत आले आणि हातात नोकरी नाही. म्हणजे म्युझियममधली जी होती ती पैसे नाहीत म्हणून गेलेली. मग अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि पावसाळाभर सुगरणींची घरटी बघत बसले. सुगरणी! जो पक्षी कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. आणि त्यांना जे दिसलं ते मजेदार आहे, नाव सुगरण पण घरटं विणतो तो नर, तेही अर्धवटच विणून ठेवतो, मग माद्या येऊन आत-बाहेर बघून जातात, फ्लॅट बघायला आल्यासारख्या, एखादीला पसंत पडलं की तो उरलेलं पूर्ण करतो, ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसऱ्या घरट्याची गवतं आणायला मोकळा. 1931 ला त्यांनी ते बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापलं. आता सांग, त्यात अपूर्व काय होतं? सगळ्यांनी बघितलेलाच पक्षी. फक्त इतका वेळ कुणी बसलं नव्हतं.

हो हो, कळलं, तू म्हणशील ताई मला नोकरी आहे, 8:04 ची लोकल आहे, मी किहीमला कधी बसू. बसू नकोस. कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला होता, 2020 साली छापून आला, साठीच्या पुढची 52 माणसं, आठ आठवडे, आठवड्यातून एकदा फक्त पंधरा मिनिटं चालायचं. अर्ध्यांना नुसतं चाला सांगितलं आणि अर्ध्यांना सांगितलं की चालताना जरा नवीन नजरेने बघा, नवल वाटेल असं काही दिसतंय का बघा. आणि सगळ्यांना सेल्फी काढायला लावले. तर नवल शोधणाऱ्यांच्या सेल्फीत आठवड्यागणिक ते स्वतः लहान होत गेले, फ्रेममध्ये झाडं, आकाश जास्त आणि आपलं थोबाड कमी, आणि हसू मात्र मोठं. मला तो सेल्फीचा भाग भारी आवडतो. तुझ्यासाठी मतलब एवढाच की पंधरा मिनिटं पुरतात आणि लडाख लागत नाही.

एकच काहीतरी धर आणि तेच परत परत बघ. तुमच्या बिल्डिंगच्या पाइपमागे भेगेत उगवलेला पिंपळ असेल, नाहीतर खिडकीसमोर कावळ्याचं घरटं असेल. मुंबईकडचे कावळे घरट्याला तारा वापरतात, बघितलंयस का कधी नीट? आणि त्यात एखादं पिल्लू कोकिळेचं आहे का ते जुलै-ऑगस्टमध्ये कळतं, कावळीच्या मागे मागे तोंड उघडून फिरत असतं आणि ती बिचारी भरवत असते. लहान मुलं हे आपोआप करतात, तीच गोष्ट अकराव्यांदा सांग, तोच दगड परत पाण्यात टाक, आणि आपणच म्हणतो अगं झालं ना आता एकदा.

आता तुझी लेक. तुझ्या त्या शेवटच्या ओळीवर येते. "झोपतात" हे उत्तर चूक आहे असंही नाही, दिवसा काजवे गवतात, पानांखाली, सालीच्या फटीत निवांत बसून असतात. पण तू ते उत्तर दार लावल्यासारखं दिलंस. दमली होतीस, मान्य, रात्री अकराला घाटात मीही तेच म्हटलं असतं. पण हे रोज होतं ना? आई हे का, असंच असतं. बाबा ते कसं, मोठी झालीस की कळेल. लहान मुलाचं कुतूहल काही वयाने आटत नाही, अशी छोटी छोटी दारं लागत जातात आणि मग ते पोरगं विचारायचं बंद होतं, आणि आपण म्हणतो बघा किती शहाणी झाली. आणि कान इकडे कर, तुझंही तसंच झालंय. लेकीला झोपतात म्हणालीस तेव्हा तू स्वतःलाही तेच सांगितलंस. तुला तरी कुठे माहीत होतं?

त्यामुळे एकच जमव. मला माहीत नाही असं म्हणायला शीक, आणि मग लगेच गूगल करू नकोस. आधी तिला विचार, तुला काय वाटतं? ती काहीतरी अचाट सांगेल, माझ्या नातीने सांगितलं होतं की काजवे दिवसा चार्जिंगला लावलेले असतात. मग तुम्ही दोघी अंदाज बांधा आणि रविवारी शोधा. पण हे बघ, याचाही क्लास करू नकोस. आपल्याकडे पोराने झुरळाकडे दोन मिनिटं बघितलं की आई त्याला विज्ञानाच्या शिबिरात घालून येते. रोज एक प्रश्न वहीत लिही वगैरे तर अजिबात नको. आणि तिला नवल वाटतंय का हे सारखं तिच्या तोंडाकडे बघून तपासू नकोस, ते तिचं तिला वाटू दे, तू झाडाकडे बघ.

घरबसल्या काही हवं असेल तर हे करून बघा. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो असं आपण सगळे शाळेत शिकलो ना? आपल्याकडे तो बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो. मुंबई-डोंबिवलीकडे मेच्या मध्यावर आणि परत जुलैच्या शेवटी, जुलैत ढग असतात म्हणून मेचाच धरायचा. आणि तेही बाराला नाही, साधारण 12:35 ला, कारण आपली घड्याळं चालतात ती पार तिकडे मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर, सूर्याला तिथून आपल्यापर्यंत यायला अर्ध्या तासाच्या वर लागतो. त्या दिवशी गच्चीवर एक स्टीलचा उभा डबा ठेवा आणि बघत बसा. सावली आखडत आखडत डब्याच्या बुडाखाली जाते आणि गायब. मी हे पहिल्यांदा बघितलं ते पन्नाशीनंतर, आणि पन्नास वर्षं हे दरवर्षी माझ्या डोक्यावर होत होतं, मी आत पंखा लावून आमरस खात होते.

आणि यंदा जूनमध्ये परत भंडारदऱ्याला जायचं का, असं तू खाली ताजा कलम टाकून विचारलंयस. जा की. पण शनिवार टाळ, मधला वार घे, एक रजा टाक. मेअखेर ते मोठा पाऊस सुरू होईपर्यंतच ते असतात, धो धो लागला की संपलं. अंधार पडायच्या आत पोचा, हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडं गावातल्या कुणाकडून तरी दाखवून घ्या, त्यांवर जास्त बसतात. टॉर्च आणि फ्लॅश बॅगेत. हे शिष्टाचार म्हणून नाही सांगत, ते चमकणं म्हणजे नरांनी माद्यांना घातलेली साद असते, बऱ्याच जातींत मादी खालून चमकून उत्तर देते, मध्ये गाडीचे हेडलाइट आले की दोघांचं बोलणंच तुटतं. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ काही दिसलं नाही तरी उठू नका. एखादं झाड सगळं एकदम चमकतं आणि एकदम विझतं, परत एकदम. कुणीही खूण न करता.

आणि लेकीला जाताना गाडीत सांग की तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुला मिळालंय. दिवसा ते पानाआड बसतात, पण हे पंखवाले काजवे मुळात काही आठवड्यांचेच पाहुणे. त्याच्या आधी कितीतरी महिने ते मातीत, पालापाचोळ्यात अळी होऊन राहतात, आणि ती अळीसुद्धा चमकते, आणि गोगलगायी खाते. आपल्याहून मोठ्या गोगलगायीला चावून बधिर करते आणि मग खाते. हे ऐकल्यावर ती पुढचं काय विचारेल मला माहीत नाही, शंखाचं काय होतं असं विचारेल कदाचित. विचारलंच तर मला कळव, मी पण शोधते.